बारावीनंतर बालवाडीत शिकवायचं आहे. मराठवाड्यात राहून कोणतं प्रशिक्षण घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की बारावी कला शाखेतून झाली, लातूर जिल्ह्यातल्या खेड्यात राहता, लहान लेकरांत मन रमतं, आणि तालुक्याच्या गावातली एक संस्था सहा महिन्यांच्या ‘माँटेसरी टीचर’ कोर्सचे 18,000 रुपये मागते, नोकरीची हमीही देते. पैसे भरावेत का?

आज तरी भरू नका. हे इतक्या ठामपणे सांगते, कारण मी भरले होते. बारावीनंतर अशाच एका संस्थेत नाव घातलं. भिंतीवर ‘शासनमान्य’ लिहिलेलं, फ्रेममध्ये प्रमाणपत्र लावलेलं. ते प्रमाणपत्र संस्थेच्या नोंदणीचं होतं, कोर्सच्या मान्यतेचं नव्हे, हे मला पुढं अर्ज करताना कळलं. सहा महिन्यांत आम्ही थर्माकोलचे फलक केले, बडबडगीतं पाठ केली आणि एकदाही लेकरांत बसलो नाही. वडिलांनी सोयाबीन विकून फी भरली होती, त्याची चुटपुट अजून आहे.

म्हणून आधी एवढं विचारा: मान्यता कोणाची? संस्थेची नोंदणी, आयएसओ, उद्यम नोंदणी यांतलं काहीही शिक्षणाची मान्यता ठरत नाही. पूर्वप्राथमिकसाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा मान्य अभ्यासक्रम म्हणजे दोन वर्षांची पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका, डीपीएसई. कॉलेज परिषदेच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहून घ्या. डी.एड.शी याची गल्लत करू नका. ते पहिलीपासून पुढच्या मुलांसाठी आहे, तीन वर्षांच्या लेकराला कसं सांभाळायचं याचा त्यात फारसा विचार नाही.

आणि दुसरं विचारा, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: कोर्समध्ये मुलांसोबत किती दिवस बसवणार? उत्तर ‘शेवटी एक दिवसाची भेट’ असं आलं तर तिथून उठा.

मी नंतर इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, प्रारंभिक बाल्यावस्था संगोपन व शिक्षण पदविका केली. किमान एक वर्षाची, बारावीनंतर करता येते, घरी राहून होते, पुस्तकं हिंदीतही मिळतात. आहार, आरोग्य, वाढ-विकास, पाळणाघर चालवणं, सगळं त्यात येतं आणि प्रकल्पासाठी प्रत्यक्ष मुलांत काम करावं लागतं. माझा प्रकल्प कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या अंगणवाडीत झाला. मी खरी शिकले ती तिथं.

चारेक वर्षांची एक मुलगी होती. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ राहिलेली. आठवडाभर तिनं तोंडातून शब्द काढला नाही. मी निरीक्षणाच्या वहीत लिहिलं, ‘मुलगी बोलत नाही, मंद वाटते.’ मार्गदर्शक बाईंनी त्या ओळीभोवती लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘हे तुमचं मत झालं. मुलीनं काय केलं?’ मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात बसून फक्त दिसेल ते टिपलं. चिंचोके वाटीत भरले. सांडले. परत भरले. शेजारच्या मुलाला पाच मोजून दिले. खिचडी आली तेव्हा मदतनीस ताईंकडं बघून ओठ हलवले. तिसऱ्या दिवशी त्या ओठांजवळ कान नेला तर ती म्हणत होती, “बाटी.” भाकरी मागत होती पोरगी. गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बाटी म्हणजे भाकरी. मदतनीस ताई तांड्यावरच्याच, त्या म्हणाल्या, “ती बोलायलीय की बाई, तुम्हालाच कळंना गेलंय.”

त्या दिवशी मी ताईंकडून गोरमाटी शब्द लिहून घेतले. आईला याडी, हा पहिला. चित्राच्या तक्त्यावर भाकरीवर बोट ठेवून ‘बाटी’ म्हटलं तेव्हा ती मुलगी उठून माझ्या मांडीला टेकून बसली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे, ते मी नंतर वाचलं. पण घरची भाषा म्हणजे काय हे मला त्या एका शब्दानं शिकवलं. ‘मंद’ हा शब्द वहीत तसाच राहिला असता तर पुढच्या बाईंनीही तो वाचून तिच्याकडं तसंच पाहिलं असतं.

माझ्या मते या क्षेत्रातलं प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः हेच, लेकरू काय करतंय ते नीट पाहायला शिकणं. गाणी, गोष्टी, साधनं नंतर येतात आणि ती आपल्या शिवारातच सापडतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, खडे घेऊन बालशिक्षण उभं केलं. बाईंनी मुलांच्या अंगणात जावं, ही अंगणवाडीची कल्पना ताराबाईंचीच. आपल्याकडं चिंचोके आहेत, ज्वारीची धाटं आहेत. धाटाची बैलगाडी करायला पाच वर्षांचं पोर अर्धा तास मान वर न करता बसतं. बोटांना यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही.

हे सांगायचं कारण, तालुक्याच्या इंग्रजी शाळांत नोकरी मिळाली तर पहिल्याच महिन्यात तुमच्यावर दबाव येईल. तीन वर्षांच्या मुलाकडून एबीसीडी गिरवून घ्या, पालक विचारतात होमवर्क का नाही. त्या वयात मनगटाची हाडंसुद्धा पुरती तयार झालेली नसतात, पेन्सिल मुठीत धरून मूल कागद फाडतं आणि मार खातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पालकांना समजावून सांगता येणं हाही या कामाचाच भाग आहे. मी पालकसभेत आयांनाच मणी ओवायला बसवते, डाव्या हातानं. पाच मिनिटांत त्यांना कळतं.

शिक्षणाइतकाच संगोपनाचा भाग मोठा आहे, आणि खासगी कोर्स तो सोडून देतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर 11.5 सेंमीच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषित, त्याला लगेच आरोग्य केंद्रात न्यायचं. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं. लहान लेकरांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे द्यायचे नाहीत, श्वासनलिकेत अडकतात. आपल्याकडं खाऊ म्हटलं की हेच हातावर ठेवतात, म्हणून मुद्दाम लिहिते. चड्डी ओली झालेल्या लेकराला चारचौघांत न लाजवता कसं बदलायचं, हेही शिकावं लागतं. ज्या कोर्समध्ये यातलं काही नाही तो अर्धाच समजा.

नोकरीचं म्हणाल तर अंगणवाडी सेविका हा सरळ रस्ता आहे. 2023 पासून महाराष्ट्रात सेविकेला बारावी लागते, वय 18 ते 35, विधवा बहिणींना 40 पर्यंत, आणि बाई त्याच गावची रहिवासी हवी. म्हणजे तुमच्या गावात जागा निघाली तर ती तुमच्या गावातल्यांचीच. जाहिरात बालविकास प्रकल्प कार्यालयातून निघते, तिथं अधूनमधून चक्कर मारत जा. पण डोळे उघडे ठेवून जा. हे मानधन आहे, पगार नाही. 2024 मध्ये ते 13,000 झालं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तोही बायांनी वर्षानुवर्षं भांडून मिळवलेला. मोबाईलवर माहिती भरणं, वजनं, पोषण आहार, गरोदर बायांच्या भेटी, यात शिकवायला वेळ उरवावा लागतो.

पदवी करण्याची घरची तयारी असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयाची चौकशी करा. चार वर्षांची पदवी आहे, मानव विकास हा विषय आहे, आणि आवारातच प्रयोगशाळा म्हणून बालवाडी चालते. अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेच्या पदाला पदवी लागते, तो दरवाजा त्यानं उघडतो. प्रवेशाचे नियम मात्र आधी पाहा, कला शाखेतून बारावी झालेल्यांना तिथं अडचण येऊ शकते.

तुमच्या जागी मी असते तर इग्नू धरलं असतं. वर्षाला दोन सत्रं असतात, जानेवारी आणि जुलै. प्रवेशापर्यंतच्या दिवसांत गावच्या सेविका ताईंना विचारून महिनाभर अंगणवाडीत बसा, फुकट, खिचडी वाटायला मदत करा. सोबत दोनशे पानी वही न्या. रोज एकच लेकरू निवडा, वीस मिनिटं पाहा, आणि त्यानं काय केलं तेवढंच लिहा. ‘हुशार’, ‘चंचल’, ‘लाजाळू’ असे शब्द लिहायचे नाहीत. महिन्यानंतर ती वही वाचून मला इथंच कळवा, मग कोर्सचं पुन्हा बोलू.