बाळंतिणीची भूक, डिंकाचे लाडू आणि वजनकाटा

प्रश्न : ताई नमस्कार. माहेर चोपडा, सासर जळगाव. बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, फक्त अंगावरचं दूध घेतं. सगळे म्हणायचे दूध पाजलं की वजन आपोआप उतरतं, पण सुरवातीला जे उतरलं ते उतरलं, आता काटा हलत नाही, उलट किलोभर वाढलंय. भूक तर अशी लागते की रात्री दोन वाजता बाळाला पाजलं की हात डब्याकडेच जातो. आईने मेथीचे, डिंकाचे आणि गोडंबी घातलेले असे तीन डबे पाठवलेत. जाऊबाई म्हणतात तोंडावर ताबा नाही. हे हार्मोनचं असतं की माझंच चुकतंय?

उत्तर : आधी जाऊबाईंना हे पान वाचायला दे. तुला लागणारी भूक खरी आहे. बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं, म्हणजे जवळपास 500 कॅलरी तुझ्या अंगातून जातात, आणि ते दूध तयार करायलाही शरीराला वेगळी ताकद लागते. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज 600 कॅलरी जास्तीच्या सांगितल्यात, त्यानंतरच्या सहा महिन्यांत 520.

आता हार्मोनचं. आपल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात, 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने ते शोधलं, मेंदूला ते सांगतं की साठा भरपूर आहे, आता बस कर. त्याच्या उलट घ्रेलिन, ते मुख्यतः जठरातून येतं, 1999 ला जपानमध्ये सापडलं, जेवणाची वेळ झाली की वाढतं आणि खाल्लं की उतरतं. पाजणाऱ्या उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की दूध चालू असताना लेप्टिन घटतं आणि दूध बनवणारं प्रोलॅक्टिन स्वतःच भूक वाढवतं. माणसांत चित्र एवढं सरळ नाही, बायकाबायकांत खूप फरक पडतो, पण दिशा तीच. त्यात तुझी झोप तुकड्यातुकड्यांची. झोप कमी पडली की भूक वाढते आणि मन जातं ते गोडातुपाकडेच, काकडी खावीशी कुणाला वाटते रात्री दोनला?

पाजल्याने वजन उतरतं हे खोटं नाही, पण त्याचा गवगवा जरा जास्तच झालाय. बाळंतपणात पाचसहा किलो लगेच जातात, बाळ, वार, पाणी, मग सुजेचं पाणी उतरतं आणि ते सगळं बायकांना दुधाच्या खात्यात जमा वाटतं. पुढचं उतरणं हळू असतं, आणि जेवढ्या कॅलरी दुधातून जातात तेवढ्याच लाडवातून परत आल्या तर काटा हलणार कसा. पन्नास ग्रॅमचा एक डिंकाचा लाडू दोनशे-अडीचशे कॅलरीचा. तीन खाल्ले की 600 चा हिशोब तिथेच संपला, वरणभातावरचं तूप अजून मोजलंच नाही.

लाडू टाकून देऊ नकोस, आईने हातांनी वळलेत. सकाळी एक खा, मुकाट्याने, मजेत. रात्रीसाठी मात्र उशाशी दुसरं काहीतरी ठेव, भाजलेले फुटाणे-शेंगदाणे, एखादं केळ (रावेर-यावल हाकेच्या अंतरावर असताना केळ्याला नाही कशाला म्हणायचं), नाहीतर रात्रीच भिजवून शिजवलेली मटकी. खरा बदल दिवसाच्या जेवणात कर, कारण दुपारी नीट प्रोटीन पोटात गेलं नाही तर रात्री भूक वसूल करतेच. पाजणाऱ्या आईला रोज साधारण 17 ग्रॅम प्रोटीन जास्त लागतं. कळण्याची भाकरी आपल्याकडे आहेच, ज्वारीत उडीद मिसळलेले, बाळंतिणीला याहून बरं काय पाहिजे, सोबत घट्ट वरण, वाटीभर दही, मांसाहार चालत असेल तर अंडी. शेवभाजी रोज नको, तर्री आणि शेव दोन्ही तेलातच पोहतात.

चालायला सुरवात कर, सिझर झालं असेल तर डॉक्टरांना विचारून. आठवड्याला अर्धा किलोपर्यंत उतरलं तरी दूध कमी होत नाही, अमेरिकेत 2000 साली वजन जास्त असलेल्या पाजणाऱ्या आयांवर अभ्यास झाला त्यात बाळांची वाढ व्यवस्थितच राहिली. त्याहून घाई नको. आणि खूप थकवा, थंडी सोसत नाही, केस मूठमूठ जातात असं असेल तर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घे, बाळंतपणानंतर वर्षभरात थायरॉईड बिघडणं अजिबात दुर्मिळ नाही.

प्रश्न : सुनबाईने भात आणि तूप एकदम बंद केलं, म्हणते डाएट. नातू दोन महिन्यांचा. मी म्हणते दोन घास जास्त खाय वं माय, दूध आटेल. बरोबर ना?
— एक आजी, अमळनेर

उत्तर : मावशी, अर्धं बरोबर. दोन महिन्यांच्या बाळाची आई उपाशी राहिली तर आधी तिचीच हाडं-रक्त झिजतात, चक्कर येते, चिडचिड होते, म्हणून कडक डाएट आत्ता नकोच हे तिला माझ्या नावाने सांगा. पण दूध तुपावर ठरत नाही. बाळ जेवढं ओढून स्तन रिकामा करतं तेवढं पुढचं तयार होतं, म्हणून वाटीभर तूप ओतण्यापेक्षा दुपारी नातवाला तुम्ही घ्या आणि तिला तासभर झोपू द्या. भात वाटीभर खाऊ द्या, तूप चमचाभर. पाणी तहानेइतकं, जबरदस्तीने तांब्याने पाजून दूध वाढत नाही.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं आहे, अजून पाजते. भूक मारणारं वजनाचं इंजेक्शन घेतलं तर?
— धुळे

उत्तर : नाही. पाजत असेपर्यंत तर नाहीच. बाळासाठी ते सुरक्षित आहे असं म्हणायला पुरेसा आधार नाही, आणि भूकच मेली तर दूध पाजायची ताकद आणणार कुठून. पाजणं थांबल्यावरही वजन खूप असेल तर तेव्हा डॉक्टरांशी बोल, मेडिकलवाल्याशी किंवा मैत्रिणीशी नाही.