विली ब्राउन यांचे साडेचौदा वर्षांचे अध्यक्षपद : वाचकांचे प्रश्न

कॅलिफोर्निया विधानसभेचे अध्यक्षपद डिसेंबर १९८० ते जून १९९५ या काळात सांभाळणारे डेमोक्रॅट नेते विली ब्राउन यांच्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार येथे घेतले आहेत.

प्रश्न : सभागृहाचा अध्यक्ष एवढा बलवान कसा? आपल्याकडे तर त्याने तटस्थ राहावे अशी अपेक्षा असते.

तेथे तशी अपेक्षा नसते. सरकारचा प्रमुख असलेला राज्यपाल थेट लोकांकडून निवडला जातो व सभागृहात बसत नाही. त्यामुळे कोणत्या समितीवर कोणाला घ्यायचे आणि तिचे नेतृत्व कोणाकडे द्यायचे, हे ठरवणारा अध्यक्ष उघडउघड पक्षनेता असतो. टेक्ससमधील मिनिओला येथे १९३४ मध्ये जन्मलेले आणि सॅन फ्रान्सिस्कोत वकिली करणारे ब्राउन १९६२ मध्ये विधानसभेची निवडणूक हरले, १९६४ मध्ये निवडून आले आणि १९७४ मध्ये अध्यक्षपदाची लढत हरले. १९८० मध्ये स्वपक्षातील दोन गट एकमेकांशी झुंजत असताना त्यांनी २३ डेमोक्रॅट व २८ रिपब्लिकन आमदारांची मते मिळवली आणि ते या पदावर बसणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले.

प्रश्न : १९९४ मध्ये बहुमत गमावूनही ते पदावर कसे राहिले?

माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. ८० जागांपैकी रिपब्लिकनांना ४१ आणि डेमोक्रॅटांना ३९ जागा मिळाल्या होत्या. अध्यक्षनिवडीच्या मतदानाच्या दिवशी पॉल हॉर्चर या रिपब्लिकन आमदाराने पक्ष सोडून ब्राउन यांना मत दिले आणि ४०–४० अशी कोंडी झाली. रिचर्ड माउंटजॉय हे दुसरे रिपब्लिकन राज्याच्या सीनेटवरही निवडून आले होते, परंतु पक्षाचे एक मत कमी होऊ नये म्हणून विधानसभेतच थांबले होते. ब्राउन यांच्या बाजूने जानेवारी १९९५ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले आणि दोन सभागृहांच्या जागा एकाला अडवता येत नाहीत असे म्हणत त्यांना बाहेर काढले. उरलेल्या ७९ जणांत ४० मतांचे बहुमत झाले. नियमांचे पुस्तक त्यांना इतरांपेक्षा अधिक पाठ होते, एवढेच म्हणता येईल. जूनमध्ये पद सोडतानाही त्यांनी डेमोक्रॅटांच्या मतांवर डॉरिस ॲलन या रिपब्लिकन सदस्येलाच अध्यक्ष केले.

प्रश्न : पक्षांतरबंदी कायद्याखाली हॉर्चर अपात्र का ठरले नाहीत?

तसा कायदाच तेथे नाही. मात्र १९११ पासून मतदारांना प्रतिनिधी परत बोलावण्याचा अधिकार आहे. त्याआधारे हॉर्चर यांना मे १९९५ मध्ये मतदारांनी पदच्युत केले आणि ॲलन यांच्यावरही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तीच वेळ आली. न्यायनिवाडा अध्यक्षाच्या दालनात अडकून पडला नाही, ही गोष्ट आपल्या वाचकांच्या लक्षात येईलच.

प्रश्न : मग ब्राउन यांना हटवले कोणी?

एका अर्थी, जनमताने. नोव्हेंबर १९९० मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव क्रमांक १४० नुसार विधानसभेत आयुष्यभरात फक्त सहा वर्षे बसण्याची मर्यादा आली, आणि मर्यादा का हवी याचे उदाहरण म्हणून प्रचारात ब्राउन यांचेच नाव पुढे केले गेले होते. ते जानेवारी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर झाले व आठ वर्षे राहिले. सहा वर्षांत आमदार काम शिकतो न शिकतो तोच घरी जातो, अशी तक्रार पुढे होत राहिली. २०१२ मध्ये मतदारांनीच नियम बदलून दोन्ही सभागृहे मिळून एकूण १२ वर्षांची मुभा दिली, त्यामुळे सगळी वर्षे आता एकाच सभागृहात काढता येतात.