पोलीस खात्यातील नोकरीत आलेला विनोदी आणि मनाला चटका लावणारा अनुभव कोणता?

मी पोलीस शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आपण दोन वेगळे अनुभव विचारले आहेत. मला आठवतात ते दोन्ही प्रसंग मात्र एकाच कामाचे आहेत, आणि ते काम म्हणजे हरवलेल्या माणसाचे नाव शोधणे.

१९९६ च्या आषाढी वारीला आमच्या जिल्ह्यातून पंढरपूरला बंदोबस्त गेला होता आणि माझी नेमणूक चंद्रभागेच्या वाळवंटाजवळील चुकामूक झालेल्या लोकांच्या मंडपात होती. एकादशीच्या सकाळी तेथे साठीच्या एक आजी आल्या. पती गर्दीत दिसेनासे झाले होते. ध्वनिक्षेपकावरून पुकारण्यासाठी मी त्यांचे नाव विचारले, तेव्हा आजींनी पदर पुढे ओढला आणि त्या गप्प राहिल्या. पतीचे नाव घ्यायचे नाही, ही त्यांची जन्माची रीत होती. फार विनवल्यावर त्या म्हणाल्या, "ज्याच्या दारात आलोय, त्याचंच नाव."

मी लगेच विठ्ठल नावाच्या गृहस्थांना पुकारले. अर्ध्या तासात सात विठ्ठल मंडपात जमले. कोणाची आई चुकली होती, कोणाची बहीण, आणि त्यांपैकी दोघांची माणसे खरोखरच आमच्या मंडपात बसलेली सापडली. आजी प्रत्येकाकडे निरखून पाहत आणि मान हलवत. शेवटी आमच्या महिला शिपायाने त्यांच्या शेजारी बसून हळूच विचारले, "पांडुरंग का?" आजी लाजून हसल्या आणि सारा मंडप त्यांच्याबरोबर हसला. दुपारी पांडुरंगबुवा आले, आणि त्यांनी सर्वांत आधी आजी काही खाल्ले का, हे विचारले. त्यानंतरच्या प्रत्येक वारीत मी वृद्ध स्त्रियांना आधी गाव, मग दिंडीचा क्रमांक आणि ती दिंडी रथाच्या पुढची की मागची, एवढेच विचारत असे. माणसे सापडायला तेवढे बहुधा पुरते.

दुसरा प्रसंग २००८ सालचा आहे. आमच्या हद्दीतील एस. टी. स्थानकाच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ पहाटे मृतावस्थेत आढळले. अंगावर जखम नव्हती. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ प्रमाणे अकस्मात मृत्यूची नोंद करून मी दोन पंचांसमक्ष पंचनामा लिहू लागलो. अशा पंचनाम्यात उंची, बांधा, वर्ण, गोंदण, सदऱ्याच्या कॉलरवरील शिंप्याचे लेबल अशी प्रत्येक खूण लिहावी लागते, कारण पुढे ओळख पटते ती बहुधा अशाच एखाद्या खुणेवरून. या गृहस्थांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि खिशात वहीच्या कागदाची एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर दूरध्वनी क्रमांक होता. परंतु घडी पडून त्याचा शेवटचा आकडा पुसला गेला होता.

शेवटचा आकडा शून्यापासून नवापर्यंत कोणताही असू शकत होता, म्हणून मी एकेक लावत गेलो. काही क्रमांक अस्तित्वातच नव्हते, काही ठिकाणी लोकांनी रागावून फोन ठेवला. शेवटी सात आकडा लावल्यावर एका लहान मुलीने फोन घेतला आणि मी "पोलीस ठाण्यातून बोलतोय" एवढेच म्हणताच तिने विचारले, "आजोबा सापडले का?" घरातील मोठ्या माणसाला बोलाव, एवढेच मी तिला सांगू शकलो.

ते गृहस्थ चार दिवसांपासून बेपत्ता होते आणि घरच्यांनी शेजारच्या जिल्ह्यातील ठाण्यात तशी खबरही दिली होती. ती खबर आमच्यापर्यंत पोहोचली नव्हती. बेपत्ता व्यक्तींची नोंद एका ठाण्यात आणि अनोळखी मृतदेहाची दुसऱ्या ठाण्यात, आणि कोणी मुद्दाम बसून दोन्ही ताडून पाहिल्याशिवाय ती एकत्र येत नसत. ही उणीव मला अक्षम्य वाटत असे, म्हणून पुढे बदली होईल त्या ठाण्यात मी दर सोमवारी शेजारच्या ठाण्यांच्या बेपत्ता नोंदी मागवून ताडून पाहत राहिलो.

संध्याकाळी मुलगा आला. माळ पाहून त्याने ओळख पटवली, जबाब दिला, आणि जाताना ती चिठ्ठी मागितली, कारण त्यावरचे अक्षर त्याच्या मुलीचे होते. आजोबा विसरू लागल्यावर तिने ती त्यांच्या खिशात ठेवली होती. चिठ्ठी कागदपत्रांना जोडलेली असल्यामुळे त्या दिवशी मला ती देता आली नाही. प्रकरण निकाली निघाल्यावर मी परवानगी घेतली आणि ती त्यांच्या गावी स्वतः नेऊन दिली.