आधी शिफ्टचं वेळापत्रक बघ, मग व्यायामाचे वर्ग

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा वर्षभराचा कार्यक्रम आखायची जबाबदारी तुझ्यावर आली, याचा मनापासून आनंद झाला. सोबत पाठवलेली यादीही वाचली: पावलं मोजण्याची स्पर्धा, ध्यानाचं ॲप, वजन कमी करण्याचं आव्हान, वर्षातून एकदा तपासणी. यातलं काहीच वाईट नाही. पण ही सगळी यादी माणसांनी स्वतःत काय बदल करावा याची आहे. कामात काय बदलावं, याबद्दल तिच्यात एक ओळही नाही. आणि इतकी वर्षं कामगारांची तब्येत तपासत आल्यावर मला ठामपणे वाटतं की, बरेचसे आजार तिथेच मुरतात.

अशाच एका कार्यक्रमाची अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीत नीट चाचणी झाली आहे. काही शाखा यादृच्छिक पद्धतीने निवडून तिथे कार्यक्रम राबवला, बाकीच्या तुलनेसाठी ठेवल्या. एकूण कर्मचारी जवळपास ३३ हजार. दीड वर्षानंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रम झालेल्या शाखांतले लोक ‘आम्ही आता जास्त व्यायाम करतो’ असं सांगत होते. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी, उपचारांवरचा खर्च, यांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

मग फरक कशाने पडतो? वरच्या खुर्चीत ताण जास्त, म्हणून हार्ट ॲटॅक साहेबांनाच येतो, असं आपण सर्रास म्हणतो. लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासाने हा समज पार उलटा ठरवला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या अभ्यासात सुमारे साडेसतरा हजार पुरुष होते. सगळे एकाच शहरात कामाला, पगार नियमित, उपचार सरकारी व्यवस्थेत मोफत. तरीही निरोप पोचवणारे, दारावर बसणारे अशा तळच्या श्रेणीत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. खालच्या श्रेणीत धूम्रपान जास्त होतं, हे खरं. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरूनही या तफावतीचा निम्म्याहून कमी भाग उलगडला. आणि मला सर्वांत अस्वस्थ करते ती गोष्ट अशी की, ही तफावत केवळ वरच्या आणि तळच्या लोकांमधली नव्हती. ती पायरीपायरीने उतरत गेलेली होती. चांगला पगार, मान, स्वतंत्र खोली असलेला अधिकारीसुद्धा आपल्या वरच्या अधिकाऱ्यापेक्षा तब्येतीने मागेच होता.

साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये दुसरा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. त्यात १०,३०८ जण होते, आणि या वेळी स्त्रियाही होत्या. त्यातून एक धागा ठळक होत गेला: आपल्या कामावर आपला ताबा किती. काम कोणत्या क्रमाने करायचं, कधी थांबायचं, कसं करायचं, यात ज्यांना काहीच विचारलं जात नव्हतं, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरॅसेक यांनी १९७९ मध्येच ही मांडणी केली होती: नुसत्या जास्त कामापेक्षा जास्त काम आणि कमी मुभा ही जोडी घातक. आपल्याकडे याला नेमका वाक्प्रचार आहे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आकड्यांतून हे कदाचित तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून दवाखान्यातलं सांगते. फोनवर ग्राहकांशी बोलण्याचं काम करणारी एक बाई रक्तदाबासाठी यायची. गोळ्या बदलल्या, डोस वाढवला, पण बीपी उतरेना. शेवटी नीट बसून विचारलं तेव्हा कळलं की, ती सकाळची गोळी कामाच्या दिवशी घेतच नव्हती. त्या गोळीने लघवी जास्त होते. जागेवरून उठलं की स्क्रीनवर तिच्या नावापुढे मिनिटं मोजली जायची आणि महिनाअखेरीस त्यावरून बोनस ठरायचा. म्हणून पाणीही बेतानेच. तिच्या कागदावर मी ‘औषध नियमित घेत नाही’ असं लिहिलं असतं, तर ते शब्दशः खरं ठरलं असतं; कारण मात्र त्या स्क्रीनमध्ये होतं. अशी माणसं दुखणं अंगावर काढतात आणि आपण त्यांना बेफिकीर म्हणतो.

यामागचं शरीरशास्त्र सरळ आहे. धोका दिसला की ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते. धोका टळला की सगळं ओसरायला हवं. रोज तोच धाक असेल तर ते पुरतं ओसरत नाही. झोप बिघडते, पोटावर चरबी साठते, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. कामावर ताबा कमी असलेल्यांच्या रक्तात फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, जास्त असल्याचंही व्हाइटहॉलमध्ये दिसलं. हे सगळं वर्षानुवर्षं साचत जातं. म्हणूनच पंचविशीतल्यांचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून हुरळून जाऊ नकोस.

लहानपणीची परिस्थिती, शिक्षण, घरची ओढाताण यांचाही यात वाटा असतो. सगळं ऑफिसवर ढकलता येणार नाही. पण तुझ्या हातात ऑफिसच आहे.

दुसरी बाब मोबदल्याची. समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडलं की, कष्ट आणि मोबदला यांचा मेळ बसला नाही की शरीर त्याची किंमत मोजतं. मोबदला म्हणजे पगार, तसाच मान आणि नोकरीची शाश्वतीही. दर काही महिन्यांनी कंत्राट संपणाऱ्या माणसाला तू ध्यानाचं ॲप दिलंस, तर डोळे मिटल्यावर त्याला ते कंत्राटच दिसणार. तुझ्या यादीत कंत्राटी लोक आहेत तरी का? मला ते कुठे सापडले नाहीत. सफाईचं, सुरक्षेचं काम करणारे लोक बहुतेक सर्वांत खालच्या पायरीवर असतात, आणि आरोग्य कार्यक्रमातून नेमके तेच वगळले जातात. हे मला पटत नाही, आणि तुलाही पटू नये.

कामाच्या तासांबद्दल फार लिहीत नाही, पुरावा स्वच्छ आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

तेव्हा पहिल्या महिन्यात एकही वर्ग भरवू नकोस. सर्वांत कमी पगाराच्या लोकांमध्ये जाऊन बस, त्यांचे साहेब समोर नसताना. विचार: शिफ्टचं वेळापत्रक किती दिवस आधी कळतं? शिफ्ट आपसांत बदलता येते का? जागेवरून उठायला परवानगी लागते का? आजारपणाची रजा घेतली तर पैसे कापतात का? चूक झाली तर चारचौघांत बोलतात का? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण वरिष्ठ आपल्याशी न्यायाने वागतात असं ज्यांना वाटत होतं, त्या पुरुषांमध्ये हृदयविकार कमी होता, हेही व्हाइटहॉलनेच दाखवलं.

वरिष्ठ म्हणतील, हा आरोग्याचा विषय नाही, प्रशासनाचा आहे. त्या वेळी वाद घालू नकोस, एकच मागणी पुढे कर: वेळापत्रक दोन आठवडे आधी लागावं आणि उठण्या-बसण्याची मिनिटं मोजणं बंद व्हावं, निदान एका विभागात सहा महिने. आधी आणि नंतर झोप, रक्तदाब, रजा यांची नोंद ठेव. नोंदींचा तक्ता कसा करायचा ते मी सांगेन. कोणता विभाग निवडतोस ते आधी कळव. रात्रपाळीचा असेल तर तपासण्या कोणत्या वेळी करायच्या, ते वेगळं ठरवावं लागेल.

तुझी,
डॉक्टरमावशी