सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी गेल्यावर तिथल्या अंगणवाडीतून पोषण आहार मिळतो का?

होय, नोंदणी सासरच्या गावी झालेली असली तरी माहेरच्या अंगणवाडीतून आपल्याला आहार मिळू शकतो आणि त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 च्या कलम 4 नुसार प्रत्येक गरोदर स्त्रीला, तसेच बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत प्रत्येक मातेला, स्थानिक अंगणवाडीमार्फत मोफत आहार मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क रेशनकार्डाच्या रंगावर अवलंबून नाही, हे अनेक घरांत अजूनही माहीत नसते, याचे वाईट वाटते. निघण्यापूर्वी सासरच्या अंगणवाडी सेविकेला स्थलांतराची कल्पना द्यावी, म्हणजे पोषण ट्रॅकर ॲपवरील आपली नोंद माहेरच्या अंगणवाडीकडे वर्ग करता येते. सोबत पुढील दोन गोष्टी अवश्य न्याव्यात:

- आधार कार्ड
- माता-बाल संरक्षण कार्ड. यावर आधीच्या तपासण्या आणि धनुर्वाताच्या लसीची नोंद असते

मात्र हा आहार पूरक आहे: त्यातून दिवसाला सुमारे 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते, त्यामुळे घरचे दोन वेळचे जेवण आणि लोहाच्या गोळ्या त्याच्यासोबत चालू राहणे आवश्यक आहे.