रिंग घातलेला पक्षी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीकडे कॅनडात गेलो असताना मे महिन्यात ओंटॅरिओतील लाँग पॉइंट येथे पक्ष्यांच्या पायात रिंग घालण्याचे काम पाहिले. इतक्या दुरून थकून आलेल्या इवल्याशा जिवांना जाळ्यात पकडणे योग्य आहे का? रिंग घातलेले पक्षी पुन्हा क्वचितच सापडत असतील, तर या खटाटोपातून हाती काय लागते? आणि असा पक्षी आपल्याकडे आढळल्यास काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. लाँग पॉइंट हा इरी सरोवरात सुमारे ४० किलोमीटर आत शिरलेला वाळूचा चिंचोळा पट्टा असून तेथे १९६० पासून पक्षी निरीक्षण केंद्र आहे. वसंतात दक्षिणेचा वारा सुटला की पक्षी रातोरात सरोवर ओलांडू लागतात आणि वाटेत पावसाने गाठले, तर पहाटे मिळेल त्या झुडपात उतरतात. अशा सकाळी जाळी भराभर भरतात. पण नेमक्या त्याच वेळी काही जाळी मिटवावी लागतात, कारण हाताशी असलेल्या माणसांना वेळेत सोडवता येतील तेवढेच पक्षी धरायचे असतात. दर अर्ध्या तासाच्या आत प्रत्येक जाळ्यापाशी फेरी झालीच पाहिजे. अंड्यावर आलेली मादी सापडली, तर तिला सर्वांत आधी मोकळे करतात.

तरीही धोका शून्यावर येत नाही. अमेरिका व कॅनडातील २२ संस्थांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१२ च्या अभ्यासात इजा होण्याचे प्रमाण ०.५९ टक्के आणि मृत्यूचे ०.२३ टक्के आढळले. हजारांमागे दोन-तीन पक्ष्यांचे प्राण ही किंमत मी क्षुल्लक मानत नाही. म्हणूनच जाळ्यातून पक्षी सोडवण्याचे काम प्रशिक्षित आणि परवानाधारकांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या हातांनीच व्हावे, याबाबत तडजोड असू नये.

आता हाती काय लागते ते पाहू. पक्ष्याची मान तर्जनी व मधल्या बोटाच्या बेचक्यात हलकेच धरून त्याच्या गळ्याखाली फुंकर घातली, की पिसे बाजूला होतात आणि पातळ कातडीखालची पिवळसर चरबी स्पष्ट दिसते. हीच त्याची प्रवासाची शिदोरी. कोणाच्या गळ्याखालचा खळगा काठोकाठ भरलेला असतो, तर कोणाचा पार रिकामा. मॅग्नोलिया वॉर्बलर या चिमुकल्या स्थलांतरित पक्ष्याच्या पंखावरची काही पिसे विटून तपकिरी पडलेली आणि शेजारची ताजी, काळसर दिसली, तर तो गेल्याच उन्हाळ्यात जन्मला, हे कळते. मग पंखाची लांबी आणि वजन नोंदवून त्याला सोडून देतात.

रिंग घातलेला पक्षी दूरदेशी सापडणे विरळाच, हे खरे. परंतु तोच पक्षी दोन-तीन दिवसांनी त्याच झुडपांत पुन्हा सापडतो, तेव्हा ती नोंद मला अधिक मोलाची वाटते. दरम्यान त्याचे वजन वाढले असेल, तर त्या झाडीत त्याला पोटभर किडे मिळाले. घटले असेल, तर तो थांबा केवळ नावापुरता ठरला. कोणती झाडी राखायची, हे ठरवताना असा थेट पुरावा केवळ दुर्बिणीतून मिळत नाही. शिवाय त्याच जागी, त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे जाळी लावल्यास एखाद्या जातीची संख्या घटत असल्याची चाहूलही लागते.

भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ मध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. खाडीवर किंवा तलावाकाठी रिंग घातलेला पक्षी आढळल्यास रिंगवरील अक्षरे व क्रमांक, ठिकाण आणि तारीख या संस्थेला कळवावी. पक्षी जिवंत असेल, तर त्याचा पाठलाग करू नये आणि रिंग काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. दुर्बीण किंवा छायाचित्रातून जेवढे वाचता येईल, तेवढे पुरे. मृत पक्षी आढळल्यास त्याला उघड्या हाताने स्पर्श न करता रिंगचे जवळून स्पष्ट छायाचित्र घ्यावे.