ड्यून मालिकेचं ‘शेवटचं पुस्तक’ नक्की कोणतं, आणि वाचक त्यावरून इतके का भांडतात?

तुम्ही विचारलंय की फ्रँक हर्बर्टच्या ड्यून या विज्ञानकथा मालिकेतलं सहावं पुस्तक ‘चॅप्टरहाउस: ड्यून’ वाचून संपवलं पण काही संपल्यासारखं वाटलंच नाही, आणि आता एक गट सांगतोय इथेच थांबा, दुसरा सांगतोय त्याच्यानंतर इतरांनी लिहिलेली ‘हंटर्स ऑफ ड्यून’ आणि ‘सँडवर्म्स ऑफ ड्यून’ वाचल्याशिवाय ड्यून पूर्ण होतच नाही, तर ऐकायचं कोणाचं. मी पहिल्या गटातला आहे, पण दुसऱ्या गटाचं म्हणणं मला उगीच वाटत नाही. सहावं तुम्ही वाचलंय म्हणून त्यातलं सगळं मोकळेपणाने लिहितोय, पुढच्या दोन्हीतलं रहस्य जिथे येईल तिथे आधी सांगेन.

भांडणाचं मूळ साधं आहे. फ्रँक हर्बर्टने १९६५ ते १९८५ मध्ये सहा कादंबऱ्या लिहिल्या, सातवी डोक्यात होती, आणि ११ फेब्रुवारी १९८६ ला तो गेला, वय ६५. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, त्यातून बरं होत असताना फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकली. म्हणजे सहावं पुस्तक त्याने शेवटचं म्हणून लिहिलेलंच नाही. ते लिहिलंय पुढच्याची तयारी म्हणून, आणि आपण ते वाचतो शेवट म्हणून. तुम्हाला जे अर्धवट वाटलं ते तुमच्या वाचनात काही कमी राहिलं म्हणून नाही, ते तसंच आहे.

आता सहाव्यावरच वाचकांची नाराजी काय असते ते बघू, कारण शेवट अर्धवट आहे एवढीच तक्रार नसते. पहिल्या पुस्तकाचा नायक पॉल, त्याच्या काळापासून आपण जवळपास पाच हजार वर्षं पुढे आलेलो असतो. अराकिस, म्हणजे कथेचा मूळ वाळवंटी ग्रह, तर पाचव्या पुस्तकातच जळून गेलेला. ओळखीचा म्हणावा असा एकच माणूस उरतो, डंकन आयडाहो, आणि तोही घोला, म्हणजे मेलेल्या माणसाच्या पेशींपासून पुन्हा वाढवलेला. बाकी सगळं पुस्तक बेने गेसेरिट या भगिनीसंघातल्या बायकांच्या चर्चेत जातं, मोठमोठी युद्धं पडद्याआड होतात आणि आपल्याला त्यांची बातमी कळते फक्त. त्यांच्या शत्रू, ऑनर्ड मात्रे, लैंगिक संबंधांचं हत्यार करतात, आणि घोला म्हणून परत आलेल्या, लहान वयाच्या सेनापती टेगच्या आठवणी ज्या पद्धतीने जाग्या केल्या जातात तो भाग तर बऱ्याच जणांना सहनच होत नाही, मलाही तो नकोसा वाटतो आणि त्याचा बचाव मी करणार नाही. मग इतक्या हजार वर्षांनी एकदम ज्यू लोक कथेत येतात, गुप्तपणे धर्म जपून राहिलेले, त्यावरही काहीजण हे मध्येच कुठून आलं म्हणून अडकतात, मला मात्र तो भाग आवडतो, इतिहास कोण लक्षात ठेवतो हाच तर पुस्तकाचा विषय आहे.

कारण तक्रारी सगळ्या मान्य करूनही मला सहावं पुस्तक मालिकेतलं सगळ्यात माणसाळलेलं वाटतं. ओड्रेड बघा. भगिनीसंघाची प्रमुख, पण तिला थकवा येतो, लहानपणीचा समुद्र आठवतो, प्रेम करायचं नाही असं शिकवलेल्या संघात ती चोरून का होईना प्रेम करते आणि त्याची लाज बाळगत नाही. आणि शत्रूला संपवायचं नाही तर शत्रूला आपल्यात घ्यायचं आणि त्यात आपणही बदलायचं, हा तिचा डाव असतो, तो यशस्वी होतो तेव्हा ती स्वतः मेलेली असते आणि दोन्ही बाजूंची प्रमुख होते मर्बेला, जी आधी शत्रूपक्षातलीच. पहिल्या पुस्तकात एक मुलगा साम्राज्य जिंकतो आणि त्यातून जिहाद होतो, सहाव्यात एक वयस्कर बाई आपलंच बदलून युद्ध थांबवते. मला तर हे पूर्ण वर्तुळ वाटतं, पुढे काय झालं ते कळलं नाही तरी.

पण पुढे काय झालं हेच तर विचारतात सगळे! डंकन, शियाना, टेग, स्कायटेल आणि बाकी मंडळी नो-शिपमधून, म्हणजे कोणाला शोधता न येणाऱ्या जहाजातून, पळतात, कुठे जातायत ते त्यांनाही माहीत नाही, आणि शेवटच्या पानांवर बागेत उभे असलेले डॅनियल आणि मार्टी, एक म्हातारं जोडपं, जहाज निसटलं म्हणून एकमेकांशी बोलत बसतात. कोण आहेत हे दोघं? त्यांच्या बोलण्यातून एवढं कळतं की ते फेस डान्सर, म्हणजे हवं ते रूप घेणारे, आहेत, त्यांना बनवणाऱ्या मालकांच्या हाताबाहेर गेलेले, इतरांच्या आठवणी आणि व्यक्तिमत्त्वं गिळत गिळत मोठे झालेले. बस, पुस्तक संपलं. १९८५ मध्ये ज्यांनी हे वाचलं त्यांना वाटलं असेल दोन-तीन वर्षांत उत्तर मिळेल, आणि पुढच्याच वर्षी लेखक गेला.

मग फ्रँकचा मुलगा ब्रायन हर्बर्ट आणि केविन जे. अँडरसन यांनी १९९९ पासून नवीन पुस्तकं सुरू केली, पण सातव्यापासून नाही, आधी पॉलच्या वडिलांच्या काळातली तीन आणि मग २००२ ते २००४ मध्ये दहा हजार वर्षं आधीच्या बटलेरियन जिहादवरची, म्हणजे विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्धच्या युद्धावरची तीन. बँकेच्या लॉकरमध्ये फ्रँकने सातव्यासाठी करून ठेवलेला आराखडा सापडला, असं त्यांनी सांगितलं, आणि त्याच्या आधारावर २००६ मध्ये ‘हंटर्स’ आणि २००७ मध्ये ‘सँडवर्म्स’ आलं. आराखडा एका पुस्तकाचा, पुस्तकं झाली दोन. आणि तो आराखडा पूर्ण स्वरूपात वाचकांसमोर कधी ठेवलाच नाही. २००५ मध्ये ‘द रोड टू ड्यून’ नावाच्या पुस्तकात फ्रँकची पत्रं, वगळलेली प्रकरणं असं बरंच छापलं, पण हा आराखडा नाही. मला विचाराल तर वाचकांतल्या कडवटपणाचं निम्मं कारण इथे आहे. शेवट आवडला नाही तर माणूस हळहळतो आणि पुढे जातो, पण शेवट नक्की कोणाचा हेच ठरवता येत नसेल तर त्याला राग धरायला जागा सापडते आणि तो वीस वर्षं तसाच राहतो.

आता पुढच्या दोन पुस्तकांचं रहस्य येतंय, नको असेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडा. डॅनियल आणि मार्टी हे या दोन पुस्तकांत ऑम्नियस आणि इरॅस्मस निघतात, म्हणजे बटलेरियन जिहादमधली विचार करणारी यंत्रं, जी ब्रायन आणि केविन यांनीच २००२ च्या पुस्तकात आणली होती. फ्रँकच्या सहा पुस्तकांत ही दोन नावं कुठेच नाहीत. तुम्ही फक्त मूळ सहा वाचून आलात तर मालिकेतलं सगळ्यात मोठं कोडं सुटतं ते तुम्ही कधी न भेटलेल्या पात्रांच्या नावाने. दुसरी गोष्ट, नो-शिपवर स्कायटेलने जपून ठेवलेल्या पेशींमधून पॉल, त्याची प्रिया चानी, आई जेसिका, मुलगा लेटो असे सगळे घोला म्हणून परत येतात. आणि शेवटी डंकन हाच खरा क्विसाट्झ हॅडेराक, म्हणजे भगिनीसंघ ज्याची वाट बघत होता तो तारणहार ठरतो, जो माणूस आणि यंत्र यांना जोडतो. मला यातलं सगळ्यात जास्त हे शेवटचंच खटकलं, कारण पॉलनंतरची सगळी पुस्तकं हेच तर सांगत आलीत की तारणहाराच्या मागे जाऊ नका, आणि इथे परत एक तारणहार सगळं निस्तरतो. शत्रू यंत्रं आहेत हे मी एक वेळ मान्य करेन, बटलेरियन जिहादची सावली पहिल्या पुस्तकापासून आहेच, पण तारणहार नको होता.

दुसऱ्या गटाचं काय? त्यांच्याशी मी भरपूर बोललोय आणि त्यांचं म्हणणं साधारण असं, की आम्ही या माणसांवर सहा पुस्तकं प्रेम केलं, ती अंतराळात लटकलेली सोडून देणं आम्हाला जमत नाही, भाषा फ्रँकची नाही हे दिसतंय पण जहाज कुठेतरी पोचलं हे तरी कळलं. जेसिका आणि पहिल्या पुस्तकात तिच्या घराण्याचा विश्वासघात करणारा डॉ. युए परत समोरासमोर येतात, युएला आपण मागच्या जन्मी काय केलं ते कळल्यावर तो कसा मोडतो, हे प्रसंग त्यांना खरंच भिडलेत आणि ते खोटं बोलत नाहीत. प्रकरणं छोटी, वेग जास्त, सहाव्यातल्या चर्चांनी दमलेल्या वाचकाला हायसं वाटतं. अशा वाचकांना ‘तुम्हाला ड्यून कळलंच नाही’ असं जे सुनावलं जातं ते मला अजिबात पटत नाही. पुस्तकाकडून कोणाला विचार हवा असतो, कोणाला माणसांची खुशाली हवी असते, आणि दोन्ही मागण्या फ्रँकनेच आपल्यात तयार केल्यात.

मी तरीही सहाव्यावरच का थांबतो ते सांगतो, आणि यासाठी तुम्हाला एक विनंती आहे. कथा संपल्यावर काही पानं आहेत, ती बरेच जण वाचतच नाहीत, शेवटाच्या रागात पुस्तक मिटतात. फ्रँकने ती आपल्या बायकोवर लिहिलीत, बेव्हर्लीवर. दोघं सिएटलमध्ये युनिव्हर्सिटीच्या लेखनवर्गात भेटले, १९४६ मध्ये लग्न केलं. पुढे फ्रँक लिहीत बसायचा तेव्हा जाहिरातींचं लेखन करून घर तिने चालवलं, ‘ड्यून’ वीसेक प्रकाशकांनी परत पाठवलं त्या काळातही. तिला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला, त्यानंतर ती डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, दहा वर्षं जगली, आणि ७ फेब्रुवारी १९८४ ला हवाईमध्ये माऊई बेटावरच्या त्यांच्या घरी गेली. या पुस्तकाचं नावही तिनेच सुचवलेलं. त्या पानांत ना साम्राज्य ना अराकिसवरचा तो मोलाचा मसाला, फक्त एक नवरा सांगतोय की बायको कशी होती, शेवटचे दिवस तिने कसे काढले, आणि त्यातला एक क्षणही त्याला विसरायचा नाहीये.

हे वाचून मागे वळून बघा. आख्खं पुस्तक अशा बायकांचं आहे ज्या मरण्याआधी आपल्या सगळ्या आठवणी दुसरीला देऊन जातात. ओड्रेडचं ते समुद्राचं आठवणं, थकणं, काम अर्धवट ठेवून जाणं आणि तरी न घाबरणं, हे लिहिणाऱ्या माणसाच्या घरात त्या काळात काय चाललं होतं ते कळल्यावर मला तरी ते पुस्तक पहिल्यासारखं वाचता आलं नाही. डॅनियल आणि मार्टीसुद्धा, कितीही धोकादायक असले तरी, बागेत एकमेकांची चेष्टा करणारं जुनं जोडपं आहे. फ्रँकने ते जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही, तसं कुठे लिहिलेलं नाही, पण मला ते दिसतं आणि म्हणून शेवटच्या पानावर माझं काही अडकून राहत नाही.

तुमच्यासाठी माझं उत्तर असं की आधी ती पानं वाचा, मग काही दिवस जाऊ द्या. तरीही जहाज कुठे गेलं हाच प्रश्न डोक्यात राहिला तर पुढची दोन बिनधास्त वाचा, पण त्याआधी बटलेरियन जिहादवरची तीन वाचून घ्या, नाहीतर शेवटचा खुलासा तुमच्यापर्यंत पोचणारच नाही, आणि ‘हंटर्स’ संपलं की लगेच ‘सँडवर्म्स’ घ्या, मध्ये खंड पडू देऊ नका, कारण ती एकाच गोष्टीची दोन अर्धी आहेत आणि पहिलं अर्धं संपतं तिथे काहीच मिटलेलं नसतं.